वनहक्काचा दावा गावातूनच उभा करावा लागतो

पिढ्यानपिढ्या जंगलातील जमीन कसूनही सरकारी कागदावर 'अतिक्रमणदार' म्हणून नोंदल्या गेलेल्या कुटुंबांसाठी 'अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६' हा कायदा झाला. तो ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला, त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी लागू झाले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये त्या नियमांत फार महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. या कायद्याच्या नावात 'वाटप' हा शब्द नाही, 'मान्यता' हा आहे. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे उद्देशिकेतच कबूल केलेले आहे. म्हणून दावा करणाऱ्याने सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती अशी की आपण सरकारकडे जमीन मागायला निघालेलो नाही, तर आधीपासून असलेला हक्क नोंदवून घ्यायला निघालो आहोत.

हे सांगण्याचे कारण व्यवहारातले आहे. अनेक जण अर्ज भरून थेट तहसील किंवा वनविभागाच्या कार्यालयात नेऊन देतात आणि वर्षानुवर्षे उत्तराची वाट पाहतात. कायद्याच्या सहाव्या कलमाने मात्र हक्काचे स्वरूप आणि व्याप्ती ठरवण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. दावा ग्रामसभेसमोर येतो, त्याची पडताळणी गावातली वनहक्क समिती करते आणि ठराव ग्रामसभा करते. वरच्या समित्या त्यानंतर येतात. गावात कच्चा राहिलेला दावा वर जाऊन सहसा पक्का होत नाही.

दावा कोणाला करता येतो

अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, तिचे वास्तव्य व उपजीविका मुख्यतः वनावर किंवा वनजमिनीवर अवलंबून आहे. दुसरी, संबंधित जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून तिच्या ताब्यात आहे. इतर पारंपरिक वननिवासींना याखेरीज त्या तारखेपूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपले वास्तव्य तेथे होते हे दाखवावे लागते. ही अट जमिनीच्या ताब्याची नसून वास्तव्याची आहे. तरीही ७५ वर्षांच्या कसणुकीचा कागद नाही म्हणून बिगर आदिवासी वननिवासींचे दावे परत पाठवले जातात, तेव्हा हा फरक लेखी मांडावा.

वैयक्तिक दाव्याची कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे. याचा अर्थ प्रत्येकाला ४ हेक्टर मिळतात असा नाही. प्रत्यक्ष ताब्यात जेवढी जमीन आहे तेवढीच मिळते आणि ती ४ हेक्टरांहून अधिक असू शकत नाही. राखीव वन, संरक्षित वन, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान या सर्व जमिनी कायद्यातील 'वनजमीन' या व्याख्येत येतात, त्यामुळे 'हे अभयारण्य आहे, येथे दावा चालत नाही' असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये. शिकारीचा हक्क मात्र या कायद्याने दिलेला नाही.

ग्रामसभा पाड्याची असावी

दाव्यांवर निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते, आणि उपस्थितांपैकी किमान एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. ज्या सभेत दाव्यांवर ठराव होतो, त्या सभेला दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी किमान निम्मे हजर असणे आवश्यक आहे. सहा-सात पाड्यांच्या गटग्रामपंचायतीची एकच सभा पंचायत कार्यालयात भरवली, तर ही गणपूर्ती जवळजवळ अशक्य होते आणि शेवटी सह्या घरोघर फिरून गोळा केल्या जातात. अशा सह्यांवर उभा राहिलेला ठराव पहिल्याच तपासणीत कोसळतो. अनुसूचित क्षेत्रात 'गाव' म्हणजे पेसा कायद्याच्या (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या कायद्याच्या) अर्थाने वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, वाडी किंवा वाड्यांचा समूह. म्हणून सभा पाड्यावर, लोक शेतावरून परतल्यानंतरच्या वेळी घ्यावी आणि हजेरीपटावर प्रत्येकाची सही किंवा अंगठा तिथेच घ्यावा.

पहिल्या सभेत वनहक्क समिती निवडली जाते. तिचे सदस्य १० ते १५ असतात, त्यांत किमान दोनतृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. समितीने आपला अध्यक्ष व सचिव निवडून उपविभागस्तरीय समितीला तसे कळवावे. समितीतला जो सदस्य स्वतः दावेदार आहे, त्याने ते जाहीर करावे आणि स्वतःच्या दाव्याच्या पडताळणीत भाग घेऊ नये. हा नियम बहुतेक गावांत कोणाला ठाऊकच नसतो, पण पुढे वाद झाला तर हाच मुद्दा सर्वांत आधी काढला जातो.

ग्रामसभेने दावे मागवल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते दाखल करायचे असतात. गरज असेल तर कारणे लिहून ही मुदत वाढवण्याचा अधिकार ग्रामसभेलाच आहे. दाव्याचे नमुने मोफत उपलब्ध करून देणे हे उपविभागस्तरीय समितीचे कर्तव्य आहे. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत. वैयक्तिक दाव्यासाठी नमुना 'अ', सामूहिक हक्कांसाठी नमुना 'ब' आणि सामूहिक वनसंसाधनासाठी नमुना 'क' वापरावा. दावा दिल्यावर वनहक्क समितीकडून तारखेसह पोच घ्यावी.

पुरावे

सर्वाधिक दावे इथेच अडतात आणि बहुतेकदा नाहक अडतात. नियम १३ मध्ये पुराव्यांची लांब यादी आहे. दावेदाराने त्यांपैकी सगळे द्यावेत असे कोठेही म्हटलेले नाही, तर समित्यांनी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत एवढेच म्हटले आहे. २०१२ च्या सुधारणेने त्यापुढे जाऊन स्पष्ट केले की कोणत्याही एका विशिष्ट प्रकारच्या कागदाचा आग्रह वरच्या समित्यांना धरता येणार नाही. म्हणून प्रत्येक दाव्यामागे किमान दोन, शक्यतो तीन वेगवेगळ्या स्वरूपाचे पुरावे लावावेत: एक कागदाचा, एक जमिनीवर दिसणारा आणि एक माणसांच्या तोंडचा.

कागदांत माझ्या मते सर्वांत वजनदार कागद म्हणजे वनखात्याच्या दंडाची पावती किंवा प्राथमिक गुन्हा अहवाल. ज्या पावतीने एकेकाळी कुटुंबाला गुन्हेगार ठरवले, तीच आज त्या कुटुंबाचा ताबा सिद्ध करते, कारण तिच्यावर तारीख, गावाचे नाव आणि अनेकदा कक्ष क्रमांकही (वनखात्याने जंगलाच्या त्या भागाला दिलेला क्रमांक) असतो. पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्यामागे, जुन्या पिशवीत असे कागद पडून असतात. म्हाताऱ्या माणसांना विचारून ते शोधावेत. न्यायालयात खटला झाला असेल तर त्याची नक्कल काढावी. अतिक्रमणदारांच्या जुन्या याद्या, महाराष्ट्रात अतिक्रमणे नियमित करण्यासाठी वेळोवेळी झालेल्या चौकशीचे कागद, एकसाली पट्टे, रायगडकडच्या दळी जमिनींचे कागद, विदर्भातले निस्तारपत्रक (जंगल वापरण्याच्या गावाच्या परंपरागत हक्कांची, म्हणजे निस्ताराची, नोंद) हे सारे उपयोगी आहे. शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती यांनी त्या गावातले वास्तव्य सिद्ध होते, पण विशिष्ट तुकड्यावरचा ताबा त्यातून दिसत नाही. म्हणून केवळ त्यांवर अवलंबून राहू नये.

जमिनीवरचा पुरावा म्हणजे घर, झोपडी, बांध, सपाटीकरण, ताली, विहीर, लावलेली झाडे, पूर्वजांची स्मशाने व देवस्थाने. बांधावरच्या आंब्याचा किंवा मोहाचा घेर आणि त्याखालचा दगडी बांध हे १३ डिसेंबर २००५ च्या कितीतरी आधीचे असल्याचे अनुभवी माणूस पाहताक्षणी सांगू शकतो. पण तसे पंचनाम्यात लिहिले गेले नाही तर त्या झाडाचा उपयोग होत नाही. म्हणून पंचनाम्यात 'जुनी लागवड आढळली' असे मोघम वाक्य न लिहिता झाडाची जात, संख्या, अंदाजे वय, बांधाची लांबी आणि चतुःसीमा लिहावी.

तिसरा पुरावा म्हणजे वडीलधाऱ्यांचा जबाब. तो दावेदाराखेरीज अन्य ज्येष्ठ व्यक्तीचा असावा लागतो आणि लेखी नोंदवलेला असावा लागतो. एकाच मजकुराच्या वीस प्रती छापून नावे बदलण्याची पद्धत अत्यंत घातक आहे, कारण सारखेच जबाब वाचणाऱ्याचा एकाही जबाबावर विश्वास राहत नाही. शेजारच्या वृद्धेने 'माझे लग्न होऊन मी या पाड्यावर आले तेव्हा याच्या वडिलांची नागली त्या उतारावर होती' असे सांगितले, तर ते तिच्याच शब्दांत लिहावे, आणि गावातील एखाद्या सर्वांना माहीत असलेल्या घटनेशी, जसे की धरणाचे काम, मोठा दुष्काळ किंवा शाळा सुरू झाल्याचे वर्ष, त्या काळाची सांगड घालावी. वंशावळही पुरावा म्हणून चालते. इतर पारंपरिक वननिवासींना तर तीन पिढ्या दाखवण्यासाठी ती अत्यावश्यक आहे.

उपग्रह छायाचित्रांबाबत गैरसमज मोठा आहे. छायाचित्रात २००५ साली झाडोरा दिसतो म्हणून दावा अमान्य, असे शेरे अनेकांच्या वाट्याला आलेले आहेत. डोंगरउतारावरची नाचणी-वरईची शेती, काही वर्षे पड ठेवलेला तुकडा किंवा झाडांखालची लागवड छायाचित्रात स्पष्ट दिसेलच असे नाही. नियम सांगतात की असे तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येते, त्यांची जागा ते घेऊ शकत नाही. केवळ छायाचित्राच्या आधारे दावा नाकारला गेला असेल, तर अपिलात हाच मुद्दा प्रथम घ्यावा.

गावाकडे जुने नकाशे किंवा नोंदी नसतील तर ग्रामसभेने किंवा वनहक्क समितीने संबंधित कार्यालयाकडे लेखी मागणी करावी. मागितलेल्या अभिलेखाची प्रमाणित प्रत देणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. वनविभागाचे व महसुलाचे नकाशे आणि मतदारयाद्या ग्रामसभेला पुरवणे हेदेखील उपविभागस्तरीय समितीचेच काम आहे.

स्थळ पडताळणी आणि ठराव

पडताळणीची तारीख ठरली की दावेदाराला आणि वनविभागाला लेखी सूचना द्यावी व तिची पोच जपून ठेवावी. सूचना मिळाल्यावर वन व महसूल विभागाच्या प्रतिनिधींनी हजर राहून कार्यवाहीवर पदनाम, तारीख व अभिप्रायासह सही करायची असते. ते आले नाहीत म्हणून पडताळणी थांबवू नये. तसे पंचनाम्यात नोंदवावे. पुढे 'आमचा प्रतिनिधी हजर नव्हता' असा आक्षेप वनविभागाने घेतला, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो, आणि दुसऱ्या वेळीही प्रतिनिधी आला नाही तर त्या पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम राहतो. ही तरतूद ग्रामसभेच्या हातातले मोठे बळ आहे, मात्र सूचनेची पोच नसेल तर ते बळ वापरता येत नाही.

मोजणीत क्षेत्र नेहमी हेक्टर-आरमध्ये लिहावे आणि घर, पड जमीन व बांध वगळले जात नाहीत ना, हे दावेदाराने स्वतः उभे राहून पाहावे. त्यानंतर समिती आपले निष्कर्ष ग्रामसभेपुढे वाचून दाखवते आणि ग्रामसभा ठराव करते. ठरावात प्रत्येक दावेदाराचे नाव, क्षेत्र व विचारात घेतलेले पुरावे यांचा उल्लेख असावा; 'सर्व दावे मंजूर' अशा एका ओळीच्या ठरावाने गावाचे नुकसानच होते. विवाहित जोडप्याचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदला जातो आणि एकल महिला कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या एकटीच्या नावे होतो. दावा भरतानाच दोन्ही नावे लिहावीत, म्हणजे आदेशात पत्नीचे नाव गळाल्यावर दुरुस्तीसाठी फिरावे लागणार नाही.

दावा वर गेल्यावर, आणि अमान्य झाल्यावर

ग्रामसभेचा ठराव उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील उपविभागस्तरीय समितीकडे जातो व तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जातो. कागद अपुरे असतील किंवा अधिक तपासणी हवी असेल, तर दावा परस्पर फेटाळण्याऐवजी तो ग्रामसभेकडे परत पाठवावा, असे नियम सांगतात. निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवावा लागतो आणि त्याची कारणे लेखी द्यावी लागतात.

'पुरावा नाही', 'पात्र नाही' एवढेच लिहिलेला आदेश हातात आला तर गप्प बसू नये. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागस्तरीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांच्या आत अर्ज करता येतो. बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय असा अर्ज दावेदाराच्या विरोधात निकाली काढता येत नाही. मुदत पाहता पाहता हातून निसटते, म्हणून आदेश मिळाल्याची तारीख त्याच दिवशी आदेशावर लिहून ठेवावी. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रांसाठी राज्यपालांनी मे २०२० मध्ये अधिसूचना काढून जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील विभागीय समितीकडे अपील करण्याची सोय केली आहे.

एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. दीड हेक्टर कसणाऱ्याला २० आरचा पट्टा मिळतो, समारंभात तो हातात दिला जातो आणि 'काहीतरी मिळाले' या समाधानात कुटुंब मुदत घालवून बसते. क्षेत्रातली अशी कपात म्हणजे उरलेल्या १ हेक्टर ३० आरचा दावा अमान्य करणे होय. तिची कारणे मागावीत आणि पूर्ण नाकारलेल्या दाव्याप्रमाणेच तिच्याविरुद्ध अपील करावे.

हक्क ओळखण्याची व पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणाही वननिवासीला त्याच्या ताब्यातील वनजमिनीवरून हटवता येत नाही, असे कलम ४(५) स्पष्ट सांगते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना हटवण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि दावे कोणत्या प्रक्रियेने फेटाळले गेले याची माहिती राज्यांकडून मागवली. आपल्या दाव्याच्या प्रत्येक टप्प्याचा कागद जवळ ठेवणे का आवश्यक आहे, हे यावरून लक्षात यावे. बेदखलीची नोटीस आली तर दाव्याची पोच, अपिलाची पोच आणि कलम ४(५) यांचा उल्लेख करून लेखी उत्तर द्यावे व त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावी.

सामूहिक दावा मागे ठेवू नका

वैयक्तिक पट्ट्यांच्या धावपळीत अनेक गावे सामूहिक दावा विसरतात. शेतीच्या तुकड्याने एका कुटुंबाचे पोट काही महिने भरते. तेंदूपत्ता, बांबू, मोह, डिंक, हिरडा, चारोळी, गुरांची चराई, तळ्यातली मासळी यांवर मात्र सगळा पाडा वर्षभर जगतो, आणि भूमिहीन कुटुंबाला तर या कायद्यातून मिळण्यासारखे मुख्यतः हेच आहे. नमुना 'ब' मध्ये निस्तार, गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल), चराई, पाणी यांचे हक्क येतात. नमुना 'क' मध्ये गावाच्या पारंपरिक हद्दीतील जंगलाचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्क येतो, आणि त्याला ४ हेक्टरांची मर्यादा लागू नाही. म्हणून दोन्ही नमुने भरावेत.

या दाव्याचा कणा म्हणजे पारंपरिक हद्दीचा नकाशा. जाणत्या माणसांबरोबर, गुराख्यांबरोबर आणि सरपण-वनोपज आणणाऱ्या स्त्रियांबरोबर हद्द प्रत्यक्ष पायी फिरावी, नाले, टेकड्या, देवराया, पाणवठे, पायवाटा यांची स्थानिक नावे नकाशावर लिहावीत आणि शक्य तेथे वनकक्ष क्रमांक जोडावेत. स्त्रियांना सोबत घेतल्याशिवाय हा नकाशा खरा होत नाही, कारण कोणत्या ओढ्यापलीकडे कोणत्या पाड्याच्या बायका मोह वेचतात हे त्यांनाच नेमके माहीत असते. शेजारच्या गावाशी हद्दीबाबत मतभेद असतील, तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निर्णय करावा आणि दोन्ही ग्रामसभांना तो लेखी कळवावा. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातील आदिम जमातींना याखेरीज आपल्या पारंपरिक वसतिस्थानाच्या सामूहिक हक्काचाही दावा करता येतो.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडले. कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपजच असताना हा झगडा करावा लागला. त्यानंतरच्या, २०१२ च्या नियमांनुसार गौण वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती किंवा ग्रामसभेने अधिकृत केलेली व्यक्ती देते. तीच समिती जंगलाच्या संरक्षणाचे आणि व्यवस्थापनाचे नियोजन करते, म्हणून सामूहिक हक्क मान्य होताच तिची स्थापना ठरावाने करावी, हिशेबाची वही त्याच दिवशी सुरू करावी आणि लिलाव व विक्रीचा प्रत्येक निर्णय ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा.

हक्कपत्र मिळाल्यानंतर

हक्कपत्र हातात पडल्यावर त्यातील नावे, क्षेत्र, गट किंवा कक्ष क्रमांक आणि चतुःसीमा ठरावाशी ताडून पाहाव्यात. प्रक्रिया पूर्ण झाल्यावर अंतिम नकाशा करून मान्य झालेले हक्क महसूल व वन अभिलेखात नोंदवणे बंधनकारक आहे. त्यासाठी तीन महिने किंवा राज्याच्या कायद्यातील मुदत, यांपैकी जी आधी संपेल ती लागू होते. ती नोंद आपोआप झाली असेल असे धरून चालू नये. तलाठ्याकडे जाऊन उतारा मागावा आणि नोंद नसेल तर लेखी अर्ज द्यावा, कारण पीककर्ज, पीकविमा आणि धान खरेदी यांसाठी उताराच मागितला जातो. हा हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता, गहाण टाकता किंवा दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. त्यामुळे उसनवारीच्या बदल्यात हक्कपत्र कोणाकडेही ठेवू नये, आणि हक्कधारकाचे निधन झाल्यास वारसनोंदीचा अर्ज लगेच द्यावा.